जुना डिफरन्शियल घ्या, पण जोडी मोडू नका

भंगारातून आणलेला पुढचा डिफरन्शियल घरच्या अंगणात बदलता येतो का, या प्रश्नाला गॅरेजांच्या दारात दोन टोकांची उत्तरे मिळतात. एक जण म्हणतो, त्यात काय आहे, नटबोल्ट सोडायचे, जुना काढायचा, दुसरा चढवायचा. दुसरा म्हणतो, जुन्या गिअरच्या नादी लागूच नका, महिन्याभरात ओरडायला लागतो. गंमत अशी, की दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, कारण ते दोन वेगळ्या कामांबद्दल बोलत असतात. पहिल्याने अख्खा एक्सल बदललेला असतो. दुसऱ्याने सुटा क्राउन, सुटे पिनियन, कुठली तरी बेअरिंग आणि हाताला लागतील त्या शिमा एकत्र करून एक नवाच डिफरन्शियल जुळवायचा प्रयत्न केलेला असतो. डिफरन्शियलमधला जवळपास प्रत्येक भाग दुसऱ्या एका भागाशी जोडीने बांधलेला आहे. ही जोडी शाबूत ठेवून आणलेला जुना माल घरी बसवता येतो आणि वर्षानुवर्षे चालतो. जोडी मोडून आणलेला माल चकचकीत दिसला तरी टिकत नाही. कोणता भाग घ्यायचा, काय तपासायचे, काय मोजायचे आणि कधी हात आखडता घ्यायचा, हे सगळे या एका गोष्टीवरून ठरवता येते.

आधी गाडीबद्दल. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक मालट्रकांना पुढे डिफरन्शियल नसतोच; पुढचा एक्सल फक्त वजन आणि स्टिअरिंग सांभाळतो. लष्कराच्या स्टॅलियनसारख्या फोर बाय फोर ट्रकांना तो असतो, पण तेवढ्या वजनाचे काम क्रेन आणि पक्क्या वर्कशॉपशिवाय करू नये. घरी करण्याजोगे काम म्हणजे जीप आणि हलक्या फोर बाय फोर पिकअपचे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. पुढे सीजे-३बी आणि तिच्या वंशातल्या गाड्या शेतापासून लष्करापर्यंत सगळीकडे पोचल्या. त्यामुळे जुन्या भागांच्या बाजारात या घराण्याचे एक्सल अजून सापडतात. या लेखातली उदाहरणे प्रामुख्याने त्याच सरळ, अखंड पुढच्या एक्सलची आहेत. २०१० नंतरच्या थारसारख्या स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत डिफरन्शियल चॅसीला टांगलेला असतो. तिथे काढण्या-बसवण्याची रीत बदलते, जोड्यांचा नियम तोच राहतो.

आधी दोष पक्का करा

पुढून आवाज आला की डिफरन्शियलला दोष देण्याची घाई होते. प्रत्यक्षात प्रोपेलर शाफ्टचा झिजलेला क्रॉस, हबची ढिली बेअरिंग, नकलमधला जॉइंट आणि उंचसखल झिजलेला टायर हे चौघेही जवळपास तसाच आवाज काढू शकतात. वळण घेतानाच टकटक होत असेल तर संशय आधी नकलमधल्या जॉइंटवर घ्यावा. वेगाबरोबर चढत जाणारी शिट्टी असेल आणि एक्सिलरेटर सोडला की तिचा सूर बदलत असेल, तर क्राउन-पिनियनकडे बोट जाते. सतत घरघर असेल तर बेअरिंग. पुढच्या प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढून गाडी टू-व्हीलमध्ये चालवणे ही बऱ्याच जणांची आवडती चाचणी आहे, पण ती अर्धवट आहे. फ्री-व्हील हब नसतील तर शाफ्ट काढल्यावरही चाके एक्सल फिरवतात, एक्सल क्राउन फिरवतो आणि आवाज चालूच राहतो. हब असतील तर ते एकदा जोडून आणि एकदा सोडून त्याच रस्त्यावर चालवा. फरक पडला तर दोष हबच्या आतल्या बाजूला आहे. मग तेल काढा. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले आहे, आणि पावसाळ्यात ओढे ओलांडणाऱ्या गाडीत तुंबलेल्या ब्रीदरमुळे किंवा गेलेल्या सीलमुळे हे सहज होते. तेलात चमकणारी बारीक पूड थोडी असेल तर ती नेहमीची झीज. बोटांना टोचणारा कण सापडला तर दाताचा किंवा बेअरिंगचा तुकडा निघाला आहे. इतके पाहिल्याशिवाय बाजाराची वाट धरू नका, कारण नुसते सील आणि बेअरिंग बदलून भागणार असेल तर दुसरा एक्सल आणणे हा निव्वळ उद्योग ठरतो.

पुढचे आणि मागचे गुणोत्तर

पहिली जोडी एक्सलच्या आत नसून गाडीखाली आहे. पुढचा आणि मागचा डिफरन्शियल एकाच गुणोत्तराचे हवेत. गुणोत्तर म्हणजे क्राउनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागून येणारा आकडा. महायुद्धातल्या विलिज एमबी जीपला ३९ आणि ८ दात होते, म्हणजे ४.८८. युद्धानंतरच्या सीजे जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. बाहेरून दोन्ही एक्सल सख्ख्या भावांसारखे दिसतात आणि तिथेच फसगत होते. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ बसले तर प्रोपेलर शाफ्टच्या शंभर फेऱ्यांत मागची चाके साडेवीस फेरे मारतात आणि पुढची साडेअठरा. या गाड्यांच्या ट्रान्स्फर केसमध्ये पुढच्या-मागच्या शाफ्टमधला फरक पचवणारा मधला डिफरन्शियल नसतो. चिखलात चाके घसरून हिशेब जुळवतात, पण डांबरावर तो ताण शाफ्ट, क्रॉस आणि गिअरच्या दातांवर येतो, आणि सगळ्यात अशक्त दुवा तुटतो. म्हणूनच टायरही चारही बाजूंना एकाच मापाचे असावे लागतात. दुसऱ्या कारखान्याच्या एक्सलमध्ये ४.०९ आणि ४.१० असा केसभर फरक असतो, तो चालतो. दहा टक्क्यांचा चालत नाही.

म्हणून विक्रेत्याच्या शब्दावर किंवा हाऊसिंगवर रंगवलेल्या आकड्यावर अवलंबून राहू नका. ज्या गाडीचे इंजिन कधी बदलले गेले आहे, तिचे गुणोत्तरही सोयीनुसार बदललेले असू शकते. स्वतःच्या गाडीचा मागचा एक्सलही मोजा, मूळचाच असेल असे गृहीत धरू नका. मोजणे सोपे आहे. हाऊसिंगचे झाकण उघडून क्राउनच्या एका दातावर आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करा, क्राउनचा बरोबर एक फेरा होईपर्यंत फ्लँज फिरवा आणि फ्लँजचे फेरे मोजा. ४.८८ आणि ५.३८ यांच्यात इथे नेमका अर्ध्या फेऱ्याचा फरक पडतो, तो डोळ्यांना चुकत नाही. झाकण उघडू दिले नाही तर एक चाक घट्ट धरून दुसऱ्या चाकाचे वीस फेरे करा. उघड्या डिफरन्शियलमध्ये क्राउन तेव्हा दहा फेरे फिरतो, आणि फ्लँजचे फेरे ४९ च्या जवळ आले की ५४ च्या, हे लगेच कळते. डिफरन्शियलचा फुगवटा कोणत्या बाजूला आहे हेही पाहा. विलिज घराण्यात तो पुढे उजवीकडे असतो, कारण ट्रान्स्फर केसचा पुढचा शाफ्ट त्याच बाजूने निघतो. डावीकडचा फुगवटा असलेला एक्सल कितीही स्वस्त मिळाला तरी त्या गाडीला निरुपयोगी आहे.

क्राउन आणि पिनियन

दुसरी जोडी सगळ्यात नाजूक. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. त्यानंतर रस्त्यावर ते आणखी हजारो किलोमीटर एकमेकांना घासतात. जात्याच्या दोन तळ्या एकमेकींच्या अंगाने झिजतात, तसेच हे आहे. एका जात्याची वरची तळी दुसऱ्याच्या खालच्या तळीवर ठेवून कोणी दळायला बसत नाही. म्हणूनच या दोघांवर बहुधा एकच जुळणी क्रमांक कोरलेला असतो, क्राउनच्या कडेला आणि पिनियनच्या डोक्यावर. क्रमांक वेगळे असतील तर तो माल कुणीतरी आधीच मिसळलेला आहे, परत ठेवा. ‘क्राउन माझा चांगला आहे, फक्त पिनियन शोधतोय’ असे म्हणत बाजारात फिरणाऱ्याने हा शोध थांबवलेला बरा. दात बसतील, गाडी चालेल, आणि दोन झिजलेले पृष्ठभाग चुकीच्या जागी टेकून काही आठवड्यांत ओरडायला लागतील.

जुन्या पुढच्या क्राउनची पाहणी करताना एक बारकावा सहसा सुटतो. क्राउनच्या प्रत्येक दाताला एक फुगीर अंग असते आणि एक खोलगट. मागच्या एक्सलमध्ये गाडी पुढे जाताना जोर फुगीर अंगावर येतो. विलिज घराण्याच्या पुढच्या एक्सलमध्ये पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली लागते आणि मांडणी उलटी झालेली असते, त्यामुळे पुढे जाताना जोर खोलगट अंगावर येतो. म्हणजे टॉर्च फुगीर अंगावर मारून ‘दात नव्यासारखे आहेत’ असे ठरवले तर कमी राबलेलाच पृष्ठभाग पाहिला जातो. दोन्ही अंगे पाहा, खोलगट जास्त निरखून. गुळगुळीत, एकसारखी चकाकी चालते. सुईने टोचल्यासारखे खड्डे, पापुद्रे सुटलेला पृष्ठभाग, नखाला अडकणारी पायरी, तुटलेला कोपरा किंवा तेलाविना तापून आलेली निळसर झाक दिसली तर सौदा संपला.

यार्डात काय पाहायचे

मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट, आणि जीपांच्या फेरबांधणीसाठी हरियाणातले मंडी डबवाली ही नावे जुन्या भागांच्या खरेदीदारांना परिचित आहेत. ठिकाण कोणतेही असो, शक्यतो हब ते हब अखंड एक्सल मागा आणि तोही गाडीखालून नुकताच काढलेला. आपल्याकडे चार महिने पाऊस आणि उघड्यावरचे यार्ड यांची गाठ पडते. बाहेरचा गंज बिनमहत्त्वाचा आहे, पण झाकण उघडून किंवा ड्रेन प्लग काढून कित्येक महिने पडलेल्या एक्सलमध्ये आत पाणी साचते. दातांवर आणि बेअरिंगच्या रोलरवर जिथपर्यंत पाणी उभे होते तिथे गंजाची आडवी रेघ दिसते. ती पुसून गेली तरी खाली खड्डे राहतात. आत तेल अजून भरलेले असलेला, तेलकट, मळकट एक्सल हा रॉकेलने धुऊन मांडलेल्या एक्सलपेक्षा जास्त विश्वासाचा, कारण त्याने आपला पुरावा अजून पुसलेला नसतो.

फ्लँज हाताने फिरवून पाहा. किंचित मागेपुढे हलून टक् असा आवाज येणे स्वाभाविक आहे, तो दातांमधला मोकळेपणा. फ्लँज आतबाहेर किंवा वरखाली हलत असेल तर पिनियनच्या बेअरिंग गेल्या आहेत, आणि अशा अवस्थेत ती जोडी किती काळ चालली असेल याचा अंदाज बांधता येत नाही. नळ्या सरळ आहेत का, हे दोन्ही टोकांना दोरी ताणून पाहा. अपघातातल्या गाडीचा वाकलेला एक्सल नव्या टायरलाही एका अंगाने खातो. नळी आणि मधल्या बिडाचा सांधा तेलकट असेल तर तिथे तडा आहे का पाहा. एक्सल शाफ्टच्या टोकांवरच्या स्प्लाइनचे दात मोजा आणि पिळल्यासारखे दिसतात का बघा.

कागद हा तपासणीचाच भाग आहे. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी कुप्रसिद्ध झाला आणि पोलिसी कारवाईनंतर २०२१ च्या डिसेंबरात बंद पडला. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याची केंद्रे उभी राहत आहेत. तिथला किंवा बिल देणाऱ्या दुकानाचा माल थोडा महाग पडला तरी घ्यावा. बिलावर एक्सल कोणत्या मॉडेलचा आहे हे लिहून घ्या. आणि गाडीच्या मूळ जातीचाच एक्सल घ्या, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत कारखान्याच्या नोंदीशी विसंगत फेरबदल करू देत नाही. तसाच भाग बदलणे ही दुरुस्ती, वेगळ्या जातीचा एक्सल बसवणे हा फेरबदल.

अख्खा एक्सल बदलताना

अखंड एक्सल आणण्याचा फायदा असा, की क्राउन-पिनियनचे अंतर, बेअरिंगचा दाब, शिमांचा हिशेब हे सगळे कारखान्यात किंवा शेवटच्या जाणत्या हाताने जसे लावले तसेच राहते. घरी करायचे उरते ते बाहेरचे काम, आणि ते जड असले तरी अवघड नाही. जमीन पक्की आणि सपाट हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडण्या लावा, चॅसी जॅकने उचला आणि पाट्यांच्या मागे चॅसीखाली मजबूत घोड्या द्या. नुसत्या जॅकवर, विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांच्या रचलेल्या मनोऱ्यावर ठेवलेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. प्रोपेलर शाफ्ट सोडण्याआधी जोडावर खूण करा. ब्रेकचे होज, स्टिअरिंगचा ड्रॅग लिंक, शॉक अॅब्सॉर्बर, मग यू-बोल्ट असा क्रम ठेवा. पाटे एक्सलच्या खालून जात असतील तर त्यांचे एक टोक सोडून खाली घ्यावे लागते. हे काम एकट्याचे नाही; एक्सल कलंडला तर पाय वाचत नाही. ड्रममधली धूळ फुंकून किंवा कोरड्या फडक्याने झटकून काढू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. ओले करून पुसा.

एक्सल चढवण्याआधी बाहेर असतानाच दोन्ही बाजूंची आणि पिनियनची तेलसीले, नकलची सीले, व्हील सिलिंडरची रबरे आणि ब्रेक होज नवे टाका. हे भाग जुन्या मालात गृहीत धरायचेच नसतात. ब्रीदर मोकळा आहे का, फुंकून बघा. यू-बोल्ट नवे वापरा आणि काही दिवस चालवल्यावर पुन्हा आवळा. तेल जीएल-५ प्रतीचे, पुस्तिकेत दिलेल्या जाडीचे घ्या, कारण हायपॉइड दातांवर घसरणीचा दाब फार असतो आणि जीएल-४ तो पेलत नाही. भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत आले की थांबा. हेच तेल उरले म्हणून गिअरबॉक्समध्ये ओतू नका. काही जीएल-५ तेले तिथल्या पितळी भागांना मानवत नाहीत. ब्रेकमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय आणि टो-इन तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका. ब्रेकच्या कामावर हात बसलेला नसेल तर तेवढ्यासाठी मिस्त्रीला घरी बोलवा, त्यात कमीपणा नाही.

उघडावेच लागले तर

कधी अखंड एक्सल वाकलेला असतो पण आतला गिअर उत्तम असतो, किंवा आपले हाऊसिंग चांगले आणि फक्त दात गेलेले असतात. तेव्हा क्राउन, पिनियन आणि क्राउनला धरणारा केज एकत्र आणावा लागतो, आणि काम मापाचे होते. इथे पहिली गोष्ट यार्डातच करायची असते. जोडी काढण्याआधी ती मूळ हाऊसिंगमध्ये असतानाच डायल गेज लावून दातांमधला मोकळेपणा, म्हणजे बॅकलॅश, चार ठिकाणी मोजून लिहून घ्या आणि दातांवर प्रशियन ब्लू लावून टेकण्याची जागा कशी उमटते त्याचा फोटो घ्या. नव्या जोडीला पुस्तिकेतला आकडा लागू पडतो, या जातीच्या एक्सलना साधारण ५ ते १० हजारांश इंच, म्हणजे ०.१३ ते ०.२५ मिलिमीटर. राबलेल्या जोडीने मात्र आपली जागा स्वतः घडवलेली असते. तिला नव्याच्या आकड्यात कोंबले तर झिजलेल्या पट्ट्याच्या बाहेरची उंच कड समोरच्या दातावर चढते आणि आवाज येतो. जिथे ती शांत चालत होती, त्याच मोकळेपणावर तिला परत न्यायचे.

हाऊसिंगच्या आतही जोड्या आहेत. बेअरिंगवरच्या दोन टोप्या हाऊसिंगसोबतच कातलेल्या असतात. त्यांच्यावरची अक्षरे पाहा, नसतील तर पंचाने खुणा करा आणि डावी-उजवी कधी अदलाबदल करू नका. बेअरिंग नव्या घाला, पण कोन आणि कप एकाच खोक्यातले. नवा कोन जुन्या कपात बसवणे म्हणजे नवी बेअरिंग वाया घालवणे. बेअरिंग काढायला-चढवायला हायड्रॉलिक प्रेस लागते. तेवढे काम जवळच्या वर्कशॉपमधून करून आणा, हातोडा वापरू नका. पिनियनची खोली ठरवणाऱ्या शिमा आपल्या हाऊसिंगच्या जुन्याच घेऊन सुरुवात करा आणि पिनियनच्या डोक्यावरच्या अधिक-उणे खुणेचा फरक त्यात मिळवा. एक्सल बनवणाऱ्या डाना कंपनीच्या पद्धतीत अधिक खुणेच्या पिनियनला शिम कमी लागते, उणे खुणेच्या पिनियनला जास्त. जुन्यावर +२ आणि आणलेल्यावर −३ असेल तर ५ हजारांश इंच, म्हणजे ०.१३ मिलिमीटर शिम वाढवायची.

पिनियनच्या बेअरिंगवरचा दाब मोजायला महागडे हत्यार लागत नाही. क्राउन आणि सील बसवण्याआधी फ्लँजभोवती दोरी गुंडाळा, तिला स्प्रिंगचा काटा लावा आणि पिनियन एकसारखे फिरत असताना काटा वाचा. नव्या बेअरिंगला साधारण २० ते ४० इंच-पौंड, म्हणजे सव्वादोन ते साडेचार न्यूटन-मीटर लागतात. दोरी पिनियनच्या मध्यापासून चार सेंटिमीटरवर असेल तर याचा अर्थ काट्यावर साधारण सहा ते साडेअकरा किलो. सुरुवातीचा धक्क्याचा आकडा धरू नका, फिरतानाचा धरा. मग केज बसवा. दोन्ही बाजूंच्या शिमांची बेरीज तशीच ठेवून एकीकडची दुसरीकडे नेली की क्राउन सरकतो. १० हजारांश इंच हलवले तर बॅकलॅश साधारण ७ हजारांशाने बदलतो. चारही ठिकाणच्या मापांत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त तफावत असेल तर क्राउनच्या बैठकीवर कचरा किंवा खरवड आहे. शेवटी निळा रंग लावून कुणाला तरी क्राउन दाबून धरायला सांगा आणि फिरवा. छाप दाताच्या मुळाशी उमटली तर पिनियन फार आत आहे, टोकाशी उमटली तर फार दूर. छाप दाताच्या लांबीवर आतल्या किंवा बाहेरच्या टोकाकडे सरकली असेल तर बॅकलॅश दुरुस्त करा. यार्डातल्या फोटोशी छाप जुळेपर्यंत हे काम संपलेले नसते, आणि दोन-तीनदा उघडझाप होणे हा त्यातला नेहमीचा भाग आहे.

काही रास्त आक्षेप

पहिला आक्षेप असा, की आपल्याकडचे मिस्त्री हे सारे हाताच्या अंदाजाने करतात आणि गाड्या चालतात. खरे आहे. ज्याने शेकडो हाऊसिंगे बांधली त्याच्या बोटांना बॅकलॅश कळतो. पण त्याच्या बोटांत जे मुरले आहे ते पहिल्यांदा करणाऱ्याच्या बोटांत नसते, आणि डायल गेजची किंमत वाया गेलेल्या जोडीच्या पासंगालाही पुरत नाही. शिवाय चांगला मिस्त्री छाप पाहतोच. दुसरा आक्षेप, नवा क्राउन-पिनियन मिळत असताना जुने का? नवी जोडी अस्सल असेल आणि बसवणारा जाणता असेल तर तीच घ्यावी. पण नवी जोडी घरी बसवायची म्हणजे वरचा सगळा हिशेब शून्यापासून करायचा, आणि नक्कल मालाच्या पोलादाला पाणी कसे चढवले आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरी काम करणाऱ्यासाठी जोखमीचा क्रम असा लागतो: अखंड जुना एक्सल सगळ्यात सुरक्षित, त्यानंतर मापे घेऊन आणलेली जुनी पूर्ण जोडी किंवा अस्सल नवी जोडी, आणि सुटे जुने भाग शेवटी, म्हणजे मुळीच नाहीत.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फोर-व्हील लागते कितीदा? पुढचा शाफ्ट काढून टाकावा आणि गाडी टू-व्हीलमध्ये चालवावी. शिट्टीच्या आवाजापुरता तात्पुरता तोडगा म्हणून यात चूक नाही. दात तुटला असेल तर मात्र हा तोडगा धोक्याचा आहे. वर सांगितल्याप्रमाणे हब जोडलेले असताना क्राउन फिरतच राहतो, आणि सुटलेला तुकडा दातांत अडकला तर वळणाऱ्या चाकांपैकीच एक अडते. फ्री-व्हील हब सोडलेले असतील किंवा चाकाशी जोडणारे फ्लँज काढून ठेवले असतील तरच असे चालवावे. चौथा आक्षेप खर्चाचा. जुना एक्सल स्वस्त पडतो हे खरे, पण त्याची किंमत भंगारवाल्याला दिलेल्या रकमेवर संपत नाही. सीले, बेअरिंग, होज, यू-बोल्ट, तेल, प्रेसची मजुरी आणि वाहतूक यांची बेरीज आधी कागदावर करा. ती बेरीज चांगल्या वर्कशॉपने हमीसह सांगितलेल्या आकड्याच्या जवळ गेली, तर घरी करण्याचे कारण फक्त हौस उरते, आणि मग निर्णय हौसेचा म्हणूनच घ्यावा.

काम झाल्यावर पहिली फेरी पंधरा-वीस किलोमीटरची आणि बिनओझ्याची ठेवा. थांबून हाऊसिंगच्या जवळ हात नेऊन पाहा. पिनियनपाशी हात धरवत नसेल इतके तापले तर बेअरिंग जास्त आवळली गेली आहे. सीलांखाली तेलाचा थेंब, ब्रेकचा पेडल आणि यू-बोल्ट तपासा. फोर-व्हील जोडायची तर ती मातीवर, डांबरावर नाही. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर तेल बदला आणि काढलेले तेल कापडातून गाळून कण तपासा. हे तेल स्वच्छ निघाले तर काम जमले. पण या सगळ्याचा निकाल बहुतेक वेळा त्याआधी, यार्डातच लागलेला असतो. गुणोत्तर मोजू न देणारा, झाकण उघडू न देणारा किंवा बिल न देणारा विक्रेता भेटला तर किंमत कितीही पाडली तरी रिकाम्या हाताने परत या. दुसरा एक्सल मिळेल. बेजोड मालावर घातलेली मेहनत मात्र परत मिळत नाही.